तापीकाठी पुराची तयारी: खूण आणि क्युसेक

भुसावळ, यावल, चोपड्याकडे कडक ऊन असतं आणि तरी तापीला पूर येतो. पाऊस पडलेला असतो वर बैतूल-बुऱ्हाणपूरला, नाहीतर पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-बुलढाण्याकडे. चांगदेवला दोन्ही नद्या मिळतात आणि पाणी हतनूर धरणात येतं. धरणाला ४१ दरवाजे. पण किती दरवाजे उघडले यापेक्षा विसर्ग किती क्युसेक आहे, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलंय, ते विचारा. दरवाजा अर्धा मीटर उघडला की पूर्ण, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मे महिन्यातच घाटाच्या पायरीवर किंवा मंदिराच्या भिंतीवर ऑइलपेंटने खुणा करा. पहिल्या खुणेला नदीवरच्या मोटारी वर ओढायच्या, दुसरीला ढोरांची दावी सोडायची, तिसरीच्या आत खालची आळी रिकामी. जागा गावातल्या जुन्या माणसांना विचारून ठरवा, पूर त्यांनी पाहिलेला असतो. पुढे दर विसर्गाला आकडा, वेळ आणि पाणी कुठवर आलं, हे वहीत लिहून ठेवा. काही पावसाळ्यांनी नुसता आकडा ऐकून पाणी कुठवर येईल याचा अंदाज बांधता येतो. ही वही ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलपात नको, कोतवालाच्या हाताशी हवी.

कामं नावानिशी वाटा. ‘सगळे मिळून करू’ म्हटलं की कोणीच करत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना कोण उचलणार, हे आधी ठरवा. एकदा रात्री, दिवे घालवून सराव करा, कारण पुरात वीज आधी जाते. ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.