बाइकचा सेल्फ लागत नाही? बॅटरी बदलायच्या आधी हे करा

सेल्फ बंद पडला की आमच्या चिपळुणात पहिलं वाक्य ठरलेलं: "बॅटरी गेली असणार." मग नवी बॅटरी येते, थोडे दिवस सेल्फ झकास लागतो आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. कारण साधं आहे. नवीन बॅटरीत जोर असतो, वाटेत अडथळा असला तरी ती रेटून नेते. अडथळा मात्र जागच्या जागीच राहतो. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, बॅटरी विकली तर मलाही दोन पैसे सुटतात. तरी सांगतो, आधी मीटर लावा.

डोळ्यांसमोर पल्सर १५०, युनिकॉर्न अशा पंधरा-वीस वर्षं जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाड्या आहेत. साहित्य म्हणाल तर साधा डिजिटल मल्टिमीटर, दहाचा पाना, पॉलिश पेपर आणि थोडं व्हॅसलिन.

किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) 'रन'वर आहे ना, गाडी न्यूट्रलला आहे ना, एवढं बघा. हसू नका, यासाठी गाडी टेम्पोत घालून आणणारे आहेत.

आता बटण दाबा आणि कान द्या. टक-टक-टक-टक असा सलग आवाज आला तर रिले (बटण दाबल्यावर बॅटरी मोटरला जोडणारा स्विच) ओढतोय, पण लोड येताच व्होल्टेज कोसळतोय. म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. एकच ठसठशीत 'टक' आणि पुढे शांतता असेल तर रिलेच्या कॉन्टॅक्टपासून मोटरपर्यंत कुठेतरी घोळ आहे. आवाजच नाही, तर फ्यूज, बटण, क्लच स्विच किंवा रिलेची कॉइल. मोटर घुंईऽऽ करून फिरते आणि इंजिन ढिम्म, तर मोटरचा फेरा इंजिनला देणारा वन-वे क्लच गेला. तो बहुतेक गाड्यांत मॅग्नेटच्या मागे असतो, पुलर लागतो. ते मेकॅनिकचं काम. आणि इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर सेल्फला शिव्या देऊ नका, प्लग आणि पेट्रोल बघा.

बॅटरी तपासताना नुसतं '१२ दाखवतंय' म्हणून समाधान मानू नका. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल चार्ज, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. खरी परीक्षा बटण दाबल्यावर. दोन-तीन सेकंद सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या वर टिकला पाहिजे. फुल चार्ज बॅटरी सातवर येत असेल तर एक तर ती आतून संपली, नाहीतर मोटर जाम होऊन भलताच करंट ओढतेय. दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून बघितलं की कोण दोषी ते कळतं. किक मारून गाडी चालू करा आणि रेस दिल्यावर टर्मिनलवर साडेतेरा ते साडेचौदा मिळतात का तेही बघा. मिळत नसतील तर बॅटरी चार्जच होत नाहीये, नवी टाकलीत तरी तीही उतरेल.

आता मुख्य गोष्ट. मीटर डीसी २० वर ठेवा. लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी मोटरला जाड वायर जोडलेल्या बोल्टवर. पिन बॅटरीच्या टर्मिनललाच टेका, वायरच्या थिंबलला (टोकाच्या धातूच्या कडीला) नाही, नाहीतर त्या दोघांमधला गंज मापातून सुटतो. बटण दाबायच्या आधी मीटर १२ दाखवेल, घाबरू नका, रिले उघडा आहे म्हणून ते दिसतं. बटण दाबलं की आकडा धाडकन खाली आला पाहिजे. उरतो तो वाटेत खाल्ला गेलेला व्होल्टेज. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. दीड-दोन असेल तर पिना रिलेच्या दोन जाड बोल्टांवर न्या. तिथेच एक व्होल्ट दिसला तर कॉन्टॅक्ट जळालेत, रिले बदला. आकडा बाराचा हललाच नाही, तर रिले लागतच नाहीये.

मग तसंच निगेटिव्हकडे. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल मोटरच्या उघड्या धातूवर, रंगावर नको. बटण दाबल्यावर ०.३ च्या वर गेलं की अर्थिंग खराब. कोकणात चार महिने पाऊस, वर दमट हवा. माझ्याकडच्या निम्म्या भानगडी इथेच सापडतात. इंजिनला येणारी ती जाड काळी वायर वरून अगदी नवी दिसते. बोल्ट काढा, थिंबलखाली हिरवट-पांढरा थर निघेल. आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडा, थिंबल आणि बसायची जागा दोन्ही चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलिन. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी जोडा.

'टक'सुद्धा येत नसेल तर रिलेच्या दोन बारीक वायरींमध्ये मीटर लावा आणि बटण दाबून बघा. १२ मिळतात आणि रिले गप्प, तर कॉइल मेली. मिळत नाहीत, तर मागे फ्यूज आणि स्विचांकडे जा. गिअरमध्ये क्लच दाबून लागतो पण न्यूट्रलला लागत नाही, तर न्यूट्रल स्विच. उलटं असेल तर क्लच लिव्हरजवळचा स्विच. हँडलचा स्विच उघडताना खाली फडकं धरा, आतली स्प्रिंग उडाली की सापडत नाही.

सगळे व्होल्ट मोटरपर्यंत पोचतात, तरी ती फिरत नाही? स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तिच्या अंगावर हलकेच ठोका आणि बटण दाबा. फिरली तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत किंवा अडकलेत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर उघडलेल्या मोटरींत कार्बनच्या भुकटीत गाळ कालवून घट्ट बसलेला असायचा. कार्बन चांगले लांब, पण होल्डरमध्ये हलायलाच तयार नाहीत. उघडण्याआधी बॉडीवर आणि झाकणावर खूण करा, वॉशर कुठल्या बाजूला किती ते फोनवर टिपा. आर्मेचरची (मोटरच्या फिरत्या भागाची) कार्बन टेकतात ती तांब्याची पट्टी बारीक पॉलिश पेपरने पुसा, खाचा टाचणीने मोकळ्या करा, रबरी ओ-रिंग नवीच घाला.

रिलेबाबत एक सांगायचं राहिलं. कॉन्टॅक्ट चिकटले तर बटण सोडलं, चावी काढली, तरी मोटर फिरतच राहते. अशा वेळी चावीशी झटापट करू नका, थेट बॅटरीचा निगेटिव्ह उपटा. त्यासाठी दहाचा पाना टूलकिटमध्ये कायम हवा. असा रिले कुणी ठोकून सुटा करून दिला तरी परत बसवू नका.