पहिलं भाषण पाच मिनिटांचंच घ्या

तांत्रिक परिषदेत पहिल्यांदा बोलायचं असेल, तर अर्ध्या तासाच्या सत्रासाठी अर्ज करू नका. ‘लायटनिंग टॉक’ मागा. पायकॉन इंडियासारख्या (पायथन या प्रोग्रामिंग भाषेची परिषद) परिषदांत ही भाषणं पाच मिनिटांची असतात आणि नावं बहुधा तिथेच, आयत्या वेळी घेतात.

आधी सराव हवा असेल तर जवळचा टोस्टमास्टर्स क्लब गाठा, म्हणजे सभासदांनी एकमेकांसमोर भाषणाचा सराव करायचा क्लब. तिथलं पहिलं भाषण 4 ते 6 मिनिटांचं असतं. चौथ्या मिनिटाला हिरवी खूण, पाचव्याला पिवळी, सहाव्याला लाल. ‘अं’, ‘म्हणजे’, ‘बेसिकली’ किती वेळा आलं, हे मोजायला एक सभासद नेमलेला असतो.

बहुतेकांची गाडी अडते ती विषयावर. ‘डेटाबेसचा वेग’ पाच मिनिटांत मावत नाही. ‘कॉलमवर फंक्शन लावलं आणि इंडेक्स वापरलाच गेला नाही’ हे मावतं: आधीची क्वेरी, नंतरची क्वेरी, दोन्हींना लागलेला वेळ. बस्स. स्वतः सोडवलेली अडचण निवडा, म्हणजे प्रश्नांची धास्ती राहत नाही.

पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ करा, मधले फक्त मुद्दे. सगळंच पाठ केलं तर एक शब्द निसटला की पुढचं आठवत नाही. उभं राहून, मोठ्याने, फोनवर वेळ लावून निदान तीनदा बोला. मनातल्या मनात केलेला सराव धरू नका, त्यात वेळ नेहमी कमी भरतो. साडेचार मिनिटांत संपलं पाहिजे, कारण लॅपटॉप जोडण्यातही वेळ जातो.

स्लाइड पाच-सहा पुरेत. अक्षर 28 पॉइंटच्या खाली नको, कोड आठ-दहा ओळींचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. उजेडाच्या हॉलमध्ये काळी पार्श्वभूमी धुरकट दिसते. डेमो थेट दाखवू नका, रेकॉर्ड करून न्या. शेकडो फोन जोडलेले असताना वायफायचा भरवसा नसतो. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडायचा एचडीएमआयचा अडॅप्टर स्वतःचा न्या आणि स्लाइडची पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवा.

हातातला माइक ओठांपासून चार बोटांवर धरा. पडद्याकडे मान वळली तर माइकही वळवा, नाहीतर नेमकं तेच वाक्य कुणाला ऐकू जात नाही. कॉलर माइक असेल तर गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवा. ते, ओढणी किंवा मंगळसूत्र माइकला घासलं की स्पीकरमधून सारखी खरखर येते. माइकची डबी अडकवायला खिसा किंवा पट्टा लागतो, त्या बेतानं कपडे घाला.

प्रश्न आला की आधी तो माइकवर पुन्हा सांगा. मागच्या रांगेला आणि रेकॉर्डिंगला तो ऐकूच आलेला नसतो, शिवाय तेवढ्यात उत्तर जुळवता येतं.