अप्रेझलमध्ये स्वतःचं काम सांगताना या चुका टाळा

मार्च उजाडला की गोव्यात वेर्णापासून कुंडईपर्यंत प्रत्येक कारखान्यात आणि कळंगुट-बाणावलीच्या हॉटेलांत तेच चित्र दिसतं. सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म महिनाभर मेलमध्ये पडून असतो आणि शेवटच्या रात्री, जेवण आटोपल्यावर, लोक तो भरायला बसतात. वर्षभर जीव तोडून काम केलेला माणूस त्या रात्री चार गुळगुळीत वाक्यं लिहितो आणि मे महिन्यात पगारवाढ बघून खट्टू होतो. यातलं बरंच टाळता येतं.

शेवटच्या रात्री आठवत बसणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. माणसाला शेवटचे दोन-तीन महिनेच नीट आठवतात, साहेबालाही तसंच. गोव्यात याचा सगळ्यात मोठा फटका हॉटेलच्या मेंटेनन्सवाल्यांना बसतो. त्यांची खरी मोठी कामं जून ते सप्टेंबरमध्ये, खोल्या रिकाम्या असताना होतात. चिलरचे (मोठ्या एसी यंत्राचे) कंडेन्सर साफ करणं, पाण्याच्या लाइनी बदलणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे सगळं चवथीच्या आत उरकलेलं असतं. मार्चमध्ये ते कुणाच्याच डोळ्यांसमोर नसतं. सीझनभर एसीची तक्रार आली नाही, तर ती का आली नाही हे कुणी विचारत नाही.

उपाय एकच: वही. शुक्रवारी निघण्याआधी दहा मिनिटं. चार रकाने पुरतात: आधी काय स्थिती होती, मी काय केलं, नंतर काय झालं, पुरावा कुठे आहे. पुराव्याच्या रकान्यात मेलची तारीख किंवा रजिस्टरचा पान नंबर लिहावा. औषध कारखान्यातल्यांनी बॅच रेकॉर्डचे (उत्पादनाच्या नोंदींचे) फोटो मोबाइलवर काढू नयेत. त्यावरून नोकरी जाऊ शकते. डॉक्युमेंटचा नंबर टिपला की झालं. वर्षअखेर वहीतून पाच नोंदी निवडायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या.

आकडा लिहिताना तुलना सारख्याची सारख्याशी हवी. कंडेन्सर साफ केल्यावर ऑगस्टचं बिल मे महिन्यापेक्षा कमी आलं, यातून काहीच सिद्ध होत नाही; पावसात एसी तसाही कमी चालतो. गेल्या ऑगस्टशी तुलना करा आणि विजेच्या युनिटना भरलेल्या खोल्यांच्या संख्येने भागा. हे केलं नाही तर अकाउंट्सवाला एका प्रश्नात दावा पाडतो आणि मग पुढच्या चार खऱ्या मुद्द्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

फॉर्म एआयकडून लिहून घेणाऱ्यांना कळकळीने सांगणं आहे: त्याला तुमचं काम माहीत नाही. तो भाषा देतो, आकडे देत नाही. एकाच खात्यातले तिघं ‘कार्यक्षमतेत लक्षणीय सुधारणा’ असं लिहून देतात तेव्हा साहेब तिघांचेही फॉर्म वाचायचे सोडतो.

‘आम्ही सगळ्यांनी केलं’

दुसरी चूक आपल्याकडे संस्कार म्हणून शिकवली जाते, म्हणून ती सुटता सुटत नाही. औषध कारखान्यात गोळ्यांच्या ब्लिस्टर पॅकिंग लाइनवरच्या एका सुपरवायझरची गोष्ट घ्या. एक प्रॉडक्ट संपवून दुसरं चालू करायला, म्हणजे चेंजओव्हरला, त्याच्या लाइनवर चार तास जायचे. त्याने दोन आठवडे घड्याळ लावून प्रत्येक पायरीची वेळ लिहिली. दोन जागी वेळ मरत होता. डाय (साचे) आणि बाकीचे बदलायचे पार्ट टूलरूममध्ये शोधावे लागत होते, आणि लाइन क्लिअरन्ससाठी (लाइन रिकामी आणि साफ असल्याच्या तपासणीसाठी) क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता खात्याच्या, माणसाला सफाई संपल्यावर बोलावणं जायचं. त्याने प्रॉडक्टनिहाय पार्टची ट्रॉली सुचवली आणि क्यूएला वीस मिनिटं आधी कळवायची पद्धत घातली. चेंज कंट्रोल (बदलाचा रीतसर अर्ज) मंजूर झाला, एसओपी म्हणजे कामाची लेखी पद्धत बदलली. चार तासांचे दोन तास पन्नास मिनिटं झाले. महिन्याला सहा चेंजओव्हर धरले तर सात तास वाचले.

फॉर्ममध्ये त्याने काय लिहिलं? ‘टीमच्या सहकार्याने चेंजओव्हर वेळ कमी झाला.’ रेटिंग ठरवायच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, यात याने नेमकं काय केलं? त्याच्या मॅनेजरला उत्तर देता आलं नाही. त्या बैठकीत एका माणसाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात, आणि तिथे तुम्ही नसता. रेटिंग मधलंच राहिलं. ज्याने याच कामाचं प्रेझेंटेशन केलं होतं, त्याचं नाव मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

लिहायला हवं होतं असं: ‘वेळेची मोजणी आणि ट्रॉलीची कल्पना माझी. ट्रॉली मेंटेनन्सच्या दोघांनी बनवली, क्यूएने नवी वेळ मान्य केली. चेंजओव्हर चार तासांवरून दोन तास पन्नास मिनिटांवर.’ यात दुसऱ्याचं श्रेय जात नाही, उलट नावानिशी मिळतं. मात्र दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवायचा मोह आवरा. गोवा लहान आहे. क्यूएवाल्याचा मेव्हणा तुमच्याच वाड्यावर निघतो.

रोजचं काम म्हणजे कामगिरी समजणं

‘दर महिन्याला जीएसटीचं 3बी रिटर्न भरलं’ ही ड्यूटी झाली. आधी 20 तारीख चुकायची, दिवसाला 50 रुपये लेट फी लागायची, आणि तुम्ही खरेदीची बिलं 10 तारखेपर्यंत गोळा करायची पद्धत घातल्यावर वर्षभरात एकदाही लागली नाही, ही कामगिरी.

उशिरा बोलणं

एप्रिल-मार्च वर्ष असेल तर जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात साहेबाकडे पंधरा मिनिटं मागा. फॉर्म येईपर्यंत त्याच्या मनात रेटिंगची यादी बरीचशी तयार झालेली असते. हॉटेलात नाताळच्या आठवड्यात हा विषय काढूच नका.

सहकाऱ्याशी तुलना करू नका. पगाराचा विषय त्याच बैठकीत काढू नका. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे अभिनंदनाचे अंगठे पुरावा म्हणून दाखवू नका.

इंग्रजीच्या धास्तीने गप्प बसणं

मराठी शाळेत शिकलेली हुशार मुलं इथे अडतात. जड शब्द पाठ करून उपयोग नाही, पहिल्या प्रश्नालाच ते विसरतात. तीन साधी वाक्यं तयार करा: काय अडत होतं, मी काय केलं, आता किती. घरी ती मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात नको. अडलात तर कोकणीत किंवा हिंदीत बोला, पण आकडा स्पष्ट सांगा.

सरकारी नोकरीत शेरा न वाचता सही करणं

पूर्वी सीआर, म्हणजे साहेबाने लिहिलेला कामाचा वार्षिक अहवाल, गोपनीय असायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या देव दत्त निकालानंतर, केंद्राच्या मे 2009 च्या सूचनांनुसार संपूर्ण एपीएआर (सीआरच्या जागी आलेला अहवाल) कर्मचाऱ्याला दाखवावा लागतो आणि त्यावर म्हणणं मांडायला 15 दिवस मिळतात. कस्टम्स, पोस्ट अशा कार्यालयांतले लोक ते 15 दिवस तसेच जाऊ देतात आणि बढतीच्या वेळी धावाधाव करतात. निवेदनात नाराजी लिहू नका. कोणता शेरा, कोणत्या नोंदीशी विसंगत, फाइल नंबर काय, एवढंच एका पानात लिहा आणि पोच घ्या.