पोटात दुखतं तेव्हा: हेव्यातून बाहेर पडायची वाट

रात्री पावणेदहाला मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो येतो. नव्या फ्लॅटची समर्पण प्रार्थना आहे, दारावर झेंडूचं तोरण आहे, पाळकसाहेब हात उंचावून आशीर्वाद देताहेत. तुम्ही ‘प्रभूची स्तुती असो’ असं लिहिता, जोडलेल्या हातांचं चित्र टाकता आणि फोन पालथा ठेवता. पोटात मात्र दुखायला लागलेलं असतं.

यावर बहुतेक जण एकच प्रार्थना करतात: “प्रभू, मला समाधान दे.” प्रार्थना चांगली आहे, पण मोघम आहे. हेवा मोघम नसतो. तो एका ठरावीक माणसाचा, एका ठरावीक गोष्टीवरून असतो, म्हणून त्याच्यावरचा इलाजही नाव घेऊनच करावा लागतो.

काइनाने न दिलेलं उत्तर

बायबलमधल्या उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात हाबेलाचं अर्पण देवाला आवडतं, काइनाचं आवडत नाही. खून अजून व्हायचाय. त्याआधी देव स्वतः काइनाशी बोलायला येतो: तू का संतापलास? तुझं तोंड का उतरलं? पाप दाराशी टपून आहे, तू त्याच्यावर सत्ता चालव. काइन उत्तर देत नाही. पुढच्याच वचनात तो भावाला शेतात गाठतो.

सुरुवात त्या उत्तरापासून करायची. एक साधी वही घ्या, रोज रात्री दहा मिनिटं काढा. तीन गोष्टी लिहा: कोण, काय, आणि बातमी ऐकताना मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं. “सगळे पुढे गेले, मीच मागे राहिलो” असं लिहू नका, त्यातून काही हाती लागत नाही. “धाकट्या जावेच्या मुलाला दहावीला ९४ टक्के. मनात आलं, क्लासला एवढे पैसे ओतल्यावर पडणारच” हे कामाचं. तिसरी गोष्ट लिहायला सगळ्यांत जड जाते आणि नेमकी तीच गाळली जाते. “छान झालं, पण...” यातला ‘पण’ जिथे सापडेल, तिथे बोट ठेवा.

हे लांबणीवर टाकलं तर काय होतं ते १ शमुवेल १८ मध्ये आहे. बायका गाणं म्हणतात, राजा शौलाने हजार मारले आणि तरुण दाविदाने दहा हजार. सातव्या वचनात गाणं, नवव्यात वाकडी नजर, आणि दुसऱ्या दिवशी शौलाच्या हातून दाविदावर भाला सुटतो. मधे एक रात्र गेली होती.

हेवा आहे की दुसरं काही?

वहीतल्या प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: समोरच्याकडची ती गोष्ट उद्या गेली आणि मला त्यातलं काहीच मिळालं नाही, तरी मला बरं वाटेल का? ‘हो’ आलं तर तो हेवा. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हेव्याची व्याख्या ‘दुसऱ्याच्या भल्याचं दुःख’ अशीच केली होती.

‘नाही’ आलं तर बहुधा ते साधं दुःख आहे. मूल नसलेल्या बाईला बारशाला जाऊन रडू आलं, तर तिला हेव्याबद्दल प्रवचन देऊ नये. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली मूल नसलेली हन्ना शिलोच्या मंदिरात इतकी कळवळून रडली की याजक एलीला ती प्यालेली वाटली. पण सवत पनिन्नाची मुलं जावीत असं तिने मागितलं नाही. दुःखाला सांत्वन लागतं, पश्चात्ताप नव्हे.

तिसरी शक्यता अन्यायाची. भावाने जमिनीतला हिस्सा दाबला किंवा मालकाने मजुरी बुडवली, तर ते खुपणं हेवा नव्हे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी पोचते. अशा माणसाला “समाधानी राहा” म्हणणं म्हणजे दाबणाऱ्याची बाजू घेणं. तिथे हक्क मागावा, कागद काढावेत, मंडळीने मदत करावी.

स्तोत्र ७३ कसं वापरायचं

हेव्यावर पवित्र शास्त्रात पुष्कळ वचनं आहेत, पण हेव्यातून चालत बाहेर येणारा माणूस पावलापावलाने दिसतो तो इथे. २८ वचनांचं हे स्तोत्र आसाफाचं. आसाफ दाविदाने नेमलेल्या गायकांचा प्रमुख होता, झांजा वाजवायचा. म्हणजे क्वायरमधलाच माणूस. अर्धा तास काढा, दार लावा, स्तोत्र एकदा मोठ्याने वाचा आणि मग वही उघडा.

वचन २ आणि ३: माझे पाय घसरतच होते, मी हेवा केला. इथे तुमच्या माणसाचं नाव घालून एक वाक्य लिहा.

वचन ४ ते १२: सलग नऊ वचनं तक्रार. त्यांना क्लेश नाहीत, त्यांची अंगं पुष्ट आहेत, डोळेसुद्धा चरबीने पुढे आलेत, इतकं बारीक. तुम्हीही पाच-सहा वाक्यं तितकीच बारीक लिहा. भक्तीची भाषा वापरू नका. देवाला हे आधीच माहीत आहे, लिहिताना कळायचं असतं ते आपल्याला.

वचन १३ ते १७: मी उगाच मन शुद्ध ठेवलं, असं आसाफ म्हणतो. तुमच्या मनातही ते असेल: “इतकी वर्षं संडे स्कूल घेतलं, दशांश दिला, काय मिळालं?” तेही लिहा. पंधराव्या वचनाशी मात्र थांबा. हे मी लोकांपुढे बोललो असतो तर तुझ्या लेकरांचा घात केला असता, असं तो सांगतो. म्हणून ही तक्रार महिला मंडळात “तिच्यासाठी प्रार्थना करा हं” असं म्हणून बाहेर काढायची नाही. मंडळीत चहाड्या बहुतेक वेळा प्रार्थनेची विनंती म्हणूनच शिरतात. सतराव्या वचनात आसाफ देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि तिथून त्याची नजर बदलते. इथे पेन खाली ठेवा, पाच मिनिटं शांत बसा.

वचन १८ ते २० दुष्टांच्या नाशाबद्दल आहेत. ज्याने कष्टाने फ्लॅट घेतला तो दुष्ट नाही. ही वचनं त्याच्यावर लावून मनातल्या मनात सुखावणं हा हेव्याचाच पुढचा प्रकार आहे. ती वाचा, पण तुमच्या वहीत त्यांची ओळ नको.

वचन २१ ते २८: मी पशूसारखा होतो, तरी तू माझा उजवा हात धरला आहेस. आणि मग सव्विसावं वचन, देव हाच माझा सर्वकाळचा वाटा. ज्या घरात वाटणीवरून बोलणं बंद झालंय, तिथे हा शब्द थेट काळजाला लागेल, आणि लागावाच. आसाफ लेवी वंशातला होता. कनानात बाकीच्या वंशांना जमीन मिळाली, लेवींना मिळाली नाही. परमेश्वरच त्यांचं वतन, असं अनुवाद १०:९ सांगतं. बिनजमिनीचा माणूस ‘वाटा’ म्हणतोय, हे ध्यानात ठेवून ते वचन स्वतःच्या शब्दांत लिहा.

दोन चुका इथे हमखास होतात. काही जण बाराव्या वचनावरच थांबतात आणि उठताना आधीपेक्षा जास्त चिडलेले असतात. काही जण तक्रार गाळून थेट पंचविसाव्या वचनावर उडी मारतात. त्यांचा हेवा दबतो, जात नाही.

चौदा दिवस, एक नाव

आता त्याच माणसासाठी रोज दोन मिनिटं प्रार्थना, चौदा दिवस. अट एकच: ज्या गोष्टीचा हेवा वाटतो, त्याच गोष्टीत त्यांचं भलं मागायचं. मुलीला कॅनडाचा व्हिसा मिळाला म्हणून दुखतंय, तर तिथे तिला चांगलं घर मिळो, थंडी सोसो, मंडळी सापडो, तिच्या आईला रात्री झोप लागो. तपशील मागितला की समोरचा माणूस पुन्हा माणूस दिसायला लागतो, त्याच्या काळज्या दिसतात. पहिले चार-पाच दिवस शब्द नुसते ओठांवर राहतील. चालेल, सोडू नका. “प्रभू, त्यांना नम्र कर” अशी मागणी मधेच घुसली तर ओळखा, तो चिमटा आहे.

याच दिवसांत एकदा प्रत्यक्ष अभिनंदन करा. ‘आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा’ हे रोमकरांस पत्रातलं (१२:१५) वचन सोबत शोक करण्यापेक्षा अवघड आहे; मातीला शंभर माणसं जमतात. फोन करा, दोन वाक्यं बोला, एक प्रश्न विचारा: “जायची तयारी कुठवर आली?” आणि ऐका. “आमचं काय बाई” हे शेपूट जोडू नका.

“मी तुझा हेवा करत होते” अशी कबुली त्या व्यक्तीजवळ देऊ नका. आपलं ओझं उतरतं, पण तिच्या आनंदावर सावट येतं. कबुली देवाजवळ आणि एका भरवशाच्या विश्वासूजवळ द्या. कॅथलिक असाल तर फादरांकडे पापनिवेदनात. हेव्यापोटी काही कृती झाली असेल, अफवा पसरवली, स्थळ मोडलं, तर मात्र त्या कृतीची माफी त्या माणसाकडेच मागावी लागते आणि शक्य ते निस्तरावं लागतं.

“त्याचे तुला काय?”

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र याला त्याचं काम आणि त्याचं मरण दोन्ही कळतं. तो लगेच मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे, योहानाकडे, पाहतो आणि विचारतो, प्रभू, याचं काय? येशू म्हणतो, “त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये.” दुसऱ्याची वाट कशी असेल हे तो सांगत नाही.

वहीत नवं पान घ्या आणि देवाने तुमच्या हाती दिलेलं या आठवड्याचं एक काम लिहा. म्हाताऱ्या सासऱ्यांची औषधं, रविवारचा धडा, थकलेल्या मैत्रिणीला डबा. मोठं नको. मत्तय २५ मधल्या दाखल्यात मालक आपल्या दासांकडे पैसे सोपवतो: एकाला पाच तालांत (त्या काळचं मोठं चलन) मिळाले, एकाला दोन, एकाला एक. पाचवाल्याची आणि दोनवाल्याची शाबासकी ताडून पाहा, वचन २१ आणि २३: अक्षरशः तीच. आणि ज्याला एकच मिळाला त्याच्याकडेही कमी नव्हतं. एक तालांत म्हणजे सुमारे ६००० दिनार, आणि मत्तय २० प्रमाणे दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. सुट्ट्या धरल्या तर जवळपास वीस वर्षांची कमाई त्याने जमिनीत पुरली.

आभार मानतानाही जपा. “निदान मी त्या अमक्यासारखी तरी नाही” ही कृतज्ञता लूक १८ मधल्या परूश्याची, स्वतःला धार्मिक समजणाऱ्याची, आहे. ती तुलनाच आहे, फक्त खालच्या बाजूला पाहून केलेली. आभार मानताना दुसऱ्या कुणाचं नाव वाक्यात येऊ देऊ नका.

फोनचा नियम सोपा ठेवा: सकाळी प्रार्थना आधी, फोन नंतर. ज्यांचे फोटो रोज खुपतात त्यांचं स्टेटस चौदा दिवस म्यूट करा. नातं तोडू नका. घरात जेवायच्या ताटावर चुलतभावंडांचे मार्क काढू नका. उत्पत्तीत बाप याकोबाने एकट्या योसेफाला दिलेल्या एका झग्याने दहा भाऊ पेटले होते.

पंधराव्या दिवशी सुरुवातीचा प्रश्न पुन्हा विचारा. दुखणं उरलं असेल तर आणखी चौदा दिवस, तेच नाव. मात्र झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवड्यांहून जास्त काळ उडालं असेल, तर प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरांना दाखवा. वहीतली नावं असलेली पानं फाडून जाळून टाका, घरात कुणाच्या हाती लागू देऊ नका. कामाचं पान तेवढं ठेवा.