कस्टमर केअरचं बोलणं कळत नाही? आधी या चुका टाळा

'हिंदी के लिए दो दबाइए' वगैरे सोपस्कार उरकतात, थोडा वेळ बासरी वाजते आणि मग पलीकडून कोणीतरी एका दमात इतकं बोलून जातं की आपल्या हाती फक्त 'सर' आणि 'धन्यवाद' लागतं. नाशिकमधून लावलेला फोन नोएडात उचलला जातो, कोलकात्यात, इंदूरला, नाहीतर चेन्नईला. उचलणारी मुलगी बऱ्याचदा त्या बँकेची किंवा मोबाइल कंपनीची नसतेच. हे काम ज्यांना कंत्राटावर दिलंय, त्या तिसऱ्याच कंपनीची ती नोकर. तिची हिंदी बंगाली वळणाची, आपली सिडको-सातपूरची, आणि सटाण्याकडच्या माणसाच्या हिंदीत तर अहिराणीही डोकावते. मी पुण्यात काही वर्षं अशाच एका कॉल सेंटरमध्ये हेडफोन लावून बसलेलो आहे, त्यामुळे दोन्ही टोकं माहीत आहेत. उच्चार न कळणं हा खरा त्रास आहे, पण पैसे जातात ते त्यामुळे नाही. न कळल्यावर आपण जे करतो, त्यामुळे जातात.

न कळता 'हां, हां' म्हणणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. आपल्याला वाटतं, किती वेळा 'काय, काय' विचारायचं, समोरचा वैतागेल. मग अंदाजानं मान डोलावल्यासारखं 'हां जी, ठीक है' म्हणून मोकळे होतो. पण मान डोलावलेली फोनवर दिसत नाही, 'हां' मात्र रेकॉर्ड होतं. एखादी सेवा सुरू करायला, कार्डावरच्या खर्चाचे हप्ते पाडायला, तक्रार 'समाधान झाले' म्हणून बंद करायला तेवढं 'हां' पुरतं.

विम्याचं उदाहरण घ्या. पॉलिसी देण्याआधी बऱ्याच विमा कंपन्या पडताळणीचा फोन करतात. पॉलिसी विकणाऱ्या एजंटानं आधीच सांगून ठेवलेलं असतं, "काका, कंपनीतून फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर पॉलिसी अडकेल." फोनवरची बाई झरझर विचारते: हप्ता एकदाच नाही, दरवर्षी भरायचाय हे माहीत आहे का? परतावा बाजारावर अवलंबून आहे, हे सांगितलंय का? काका सगळ्याला हो म्हणतात. वर्षभरानं दुसऱ्या हप्त्याचा मेसेज आला की डोळे उघडतात, आणि तक्रार केली की कंपनी तेच रेकॉर्डिंग पुढे करते. म्हणून या कॉलवर एकही प्रश्न निसटला, तरी सरळ म्हणा: "यह सवाल मुझे समझ में नहीं आया, फिर से पूछिए." पॉलिसीची कागदपत्रं हातात आल्यापासून ३० दिवसांत ती नाकारता येते, पण तो मार्ग वापरायला आधी फसगत लक्षात यायला हवी.

समोरचा वैतागेल ही भीती तर सोडाच. कॉल सेंटरच्या एजंटवर प्रत्येक कॉल लवकर संपवायचा दबाव असतो, हे खरं. पण त्याच्या कॉल्सची तपासणीही होते, आणि ग्राहकानं पुन्हा सांगा म्हटल्यावर टाळाटाळ केली तर आमचे गुण कापले जायचे. 'धीरे बोलिए' हे तुम्ही हक्कानं म्हणू शकता, लाजत नव्हे.

प्रत्येक शब्द समजून घ्यायचा प्रयत्न करणं

आतली गोष्ट सांगतो. एजंट जे बोलतो, त्यातलं निम्मं पाठ केलेलं असतं: स्वागत, असुविधेबद्दल खेद, 'आपकी परेशानी मैं समझ सकता हूँ', शेवटी 'और कोई सहायता' आणि रेटिंगची विनंती. ते सगळं वेगात येतं, कारण तो दिवसभर तेच म्हणत असतो. आपण मात्र त्या ओघातला शब्द न् शब्द पकडायला जातो, आणि कामाचं वाक्य येईपर्यंत दमून जातो.

कागदावर चार जागा रिकाम्या ठेवून बसा: अडचण कशामुळे आली, ते काय करणार, कधीपर्यंत करणार, तक्रार क्रमांक काय. त्या चार जागा भरल्या की बाकीचं कळलं नाही तरी अडत नाही. न भरलेल्या जागेबद्दल पुन्हा विचारा, आणि फोन ठेवण्याआधी तुम्हाला जे कळलं ते तुमच्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्याला ऐकवा: "मतलब, पैसा सात दिन में उसी खाते में आएगा, बराबर?" चुकीचं कळलं असेल तर तो तिथेच दुरुस्त करतो. यासारखा दुसरा उपाय माझ्या पाहण्यात नाही.

हिंदी आकड्यांवर विश्वास टाकणं

शब्द कळूनही आकडा चुकतो. हिंदीत उनसठ म्हणजे एकोणसाठ, उनहत्तर म्हणजे एकोणसत्तर, उन्यासी म्हणजे एकोणऐंशी. फोनच्या खरखरीत हे तिन्ही एकसारखेच. नवासी ऐकून आपण नव्वद लिहितो, तो असतो एकोणनव्वद. इंग्रजीतही सुटका नाही; फिफ्टीन आणि फिफ्टी यांच्यात पस्तीस रुपयांचा फरक आहे, हजारात असेल तर पस्तीस हजारांचा. वर 'डबल फोर, ट्रिपल टू' आहेच.

उपाय साधा: "एक-एक अंक बोलिए." रक्कम असो, तक्रार क्रमांक असो, नाहीतर खात्याचे शेवटचे चार आकडे, सुटे सुटे घ्या आणि सुटे सुटेच परत वाचून दाखवा. पिंपळगाव बसवंतच्या टोलवर फास्टॅगमधून दोनदा पैसे कापले गेले आणि तुम्ही टॅग देणाऱ्या बँकेला फोन लावलात, तर गाडीचा नंबरही 'एमएच पंधरा' असा न सांगता 'एम, एच, एक, पाच' असाच सांगा.

तारखेचंही तसंच. हिंदीतला 'कल' मागे जातो की पुढे, हे क्रियापदावरून ठरतं, आणि नेमकं क्रियापदच फोनवर गिळलं जातं. 'टेक्निशियन कल गया था' आणि 'कल जाएगा' यांत तुमची अख्खी सुट्टी वाया जाऊ शकते. परसोंची तीच कथा. त्यामुळे वार आणि तारीख मागा: "कौन सा दिन? कितनी तारीख?"

अक्षरं नुसती उच्चारणं

साध्या फोन कॉलवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. माणसाच्या बोलण्यातल्या स, फ, श अशा घर्षणाच्या ध्वनींचा बराचसा भाग त्याच्या वर असतो आणि तो वाटेतच गळतो. म्हणून इंग्रजी 'एस' आणि 'एफ' फोनवर वेगळे काढणं अवघड जातं, भले समोरचा शेजारच्या गल्लीतला असो. बी, डी, पी, टी, व्ही हे तर 'ई' या एकाच शेपटाचे भाऊ. अलीकडच्या ४जी-५जी कॉलवर पट्टा रुंद असतो, पण कॉल सेंटरच्या यंत्रणेत शिरताना तो बऱ्याचदा पुन्हा अरुंद होतो. सगळा दोष उच्चारांचा नाही, तो असा.

म्हणून अक्षरासोबत गाव जोडा: एन फॉर नाशिक, पी फॉर पुणे, डी फॉर दिल्ली, बी फॉर बॉम्बे. बॉम्बेचं मुंबई होऊन किती वर्षं झाली, पण फोनवर बॉम्बे अजून हलत नाही. हलूही नये, एम फॉर मुंबई वेगळं लागतं.

रचना माहीत असली तर चूक तिथल्या तिथे पकडता येते. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमधलं चौथं अक्षर 'पी' असतं. आयएफएससी कोडमध्ये चार अक्षरांनंतरचं पाचवं स्थान नेहमी शून्याचं असतं, 'ओ'चं नाही. द्राक्षाचा कंटेनर पाठवणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं: कंटेनर क्रमांकात चार अक्षरं, त्यातलं चौथं सहसा 'यू', मग सात आकडे आणि त्यातला शेवटचा पडताळणीचा. शिपिंग कंपनीचा मदत कक्ष मनिलात असेल, तर तिथल्या काहींच्या बोलण्यात इंग्रजी 'एफ'चा 'पी' होतो. आपल्या तोंडी 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच होतात, तेव्हा फिटंफाट. अशा कामात फोन फक्त पाठपुराव्याला ठेवा, क्रमांक मेलनेच जाऊ द्या.

गावांची नावंही अशीच घोटाळ्यात पडतात. हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडात 'ळ' बसत नाही, त्यामुळे म्हसरूळ, देवळाली, पिंपळगाव यांचं काहीही होऊन कागदावर उतरतं. पत्ता सांगताना आधी पिनकोड द्या. गावाचं नाव त्याच्या यादीत आपोआप येतं, मग त्याला वाचायला सांगा.

आवाज वाढवणं आणि स्पीकरवर टाकणं

घरात आजोबांना ऐकू येत नाही म्हटलं की आपण फोन स्पीकरवर टाकतो आणि आवाज पूर्ण वाढवतो. वयानुसार आधी कमी होतं ते उंच पट्टीचं ऐकणं, म्हणजे नेमकी व्यंजनं. आवाज वाढवल्यावर स्वर दणदणतात, व्यंजनं तितकीच पुसट राहतात. त्यात खोलीचा घुमारा, पंखा, कुकरच्या शिट्ट्या. साधा वायरचा इअरफोन दोन्ही कानांत घातला तर फरक पडतो, आणि बोलणाऱ्याला मोठ्यानं नव्हे, सावकाश बोलायला सांगितलं तर आणखी.

दुसऱ्याच्या हाती फोन द्यायचा असेल, तर आधी खातेदारानं स्वतः बोलून नाव-जन्मतारीख सांगावी आणि म्हणावं, "आगे मेरा बेटा बात करेगा, मेरी अनुमति है." नातवानंच आजोबा असल्याची बतावणी केली आणि आवाजावरून एजंटला शंका आली, तर तो कॉल तिथेच थांबवतो, आणि त्याचं बरोबर असतं. आणखी एक: होल्डवर ठेवलं म्हणून घरातल्यांशी खात्याची चर्चा करू नका. संगीत तुम्हाला ऐकू येत असतं, पण तुमचं बोलणं रेकॉर्ड होत असू शकतं.

घाईत भाषा निवडणं

'मराठीसाठी' ऐकायचा धीर नसतो, म्हणून दोन दाबतो. काही कंपन्यांची यंत्रणा ती निवड तुमच्या नंबरापुढे लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी विचारतच नाही. मग मेन्यू शेवटपर्यंत ऐकून 'भाषा बदला' शोधावं लागतं. मराठीची रांग कधी लांब असते, कारण त्या खुर्च्या कमी. सोमवारी सकाळी टाळून दुपारी लावून पाहा. हिंदी एजंट लागलाच तर "मराठी में बात करने वाला कोई है तो कॉल ट्रान्सफर कीजिए" किंवा "मराठी में कॉलबैक चाहिए" म्हणा. दर वेळी मिळेलच असं नाही, पण न मागता तर कधीच मिळत नाही.

'तुला नीट बोलता येत नाही का' असं म्हणून मात्र काही साधत नाही. तो रांचीचा पोरगा घरी नागपुरी (आपल्या नागपूरची नव्हे, झारखंडातली भाषा) बोलतो, शाळेत हिंदी शिकला, नोकरीसाठी इंग्रजी. काही कंपन्या तर आता एजंटचा उच्चार बोलता बोलता बदलणारं सॉफ्टवेअर वापरतात. टेलिपरफॉर्मन्स या फ्रेंच कंपनीनं भारतातल्या एजंटांसाठी ते वापरल्याची बातमी २०२५ मध्ये आली होती. ते मुख्यतः परदेशी ग्राहकांसाठी. आपल्या वाट्याला अजून 'धीरे बोलिए' हेच सॉफ्टवेअर आहे.

कळत नाही म्हणून भलताच नंबर शोधणं

खऱ्या हेल्पलाइनवर बोलणं जमलं नाही की लोक गुगलवर दुसरा नंबर शोधतात. तिथे टपून बसलेला भामटा फार गोड आणि फार स्पष्ट बोलतो, कधी चक्क मराठीत. मग स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो. नंबर फक्त कार्डाच्या पाठीवरून, पासबुकावरून किंवा कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

फोनवरच सगळं सोडून देणं

तक्रार क्रमांक तोंडी घेऊन थांबू नका, "एसएमएस कर दीजिए" म्हणा आणि मेसेज येईपर्यंत लाइनवर राहा. नंतर त्याच क्रमांकाचा उल्लेख करून दोन ओळींचा मेल टाका. लिहिलेल्याला उच्चार नसतो, आणि मेलमध्ये तारीखही आपोआप पडते. ती तारीख पुढे लागते: बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याची माहिती १४४४८ वर मिळते. विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारीसाठी १५५२५५, पीकविम्यासाठी १४४४७. इतर वस्तू आणि सेवांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ती १७ भाषांत चालते, त्यात मराठी आहे. सकाळी आठ ते रात्री आठ, राष्ट्रीय सुट्ट्या सोडून. तिथे फोन लावताना बिल, तक्रार क्रमांक आणि तारीख समोर ठेवा, कारण पहिल्याच मिनिटात तेच विचारतात.