गिटमध्ये शाखा जोडताना मर्जला कोणता पर्याय द्यावा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात शेतकरी गटाच्या कापूस खरेदीच्या नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम आम्ही दोघे लिहितो. काटापट्टीचा भाग माझ्याकडे आहे आणि चुकाऱ्याचा हिशेब सहकाऱ्याकडे. गिट म्हणजे फाइलमधील बदलांचा इतिहास ठेवणारे साधन, शाखा म्हणजे त्यातील कामाची वेगळी वाट आणि मर्ज म्हणजे एका शाखेतील बदल दुसरीत जोडणे. गिटच्या प्रत्येक प्रतीत पूर्ण इतिहास असतो, त्यामुळे नेटवर्क मिळेल तेव्हा 'गिट फेच' करून सहकाऱ्याचे नवे काम आणून ठेवले की भारनियमनातही लॅपटॉपच्या बॅटरीवर शाखा जोडता येतात. येथील आज्ञा टाइप करताना रोमन अक्षरे वापरावीत.

आधी 'गिट स्टेटस' पाहून अर्धवट बदल कमिट करावेत (म्हणजे इतिहासात नोंदवावेत), कारण ते तसेच ठेवून सुरू केलेले मर्ज 'गिट मर्ज --अबॉर्ट'ने मागे घेतले, तर ते बदल परत मिळतीलच असे नाही. नंतर मुख्य शाखेवर जाऊन 'गिट मर्ज चुकारा' ही आज्ञा द्यावी; 'चुकारा' हे सहकाऱ्याच्या शाखेचे नाव आहे. दरम्यान मुख्य शाखा पुढे गेलेली नसेल, तर गिट नवे कमिट न करता तिला फक्त पुढे सरकवते. '--नो-एफएफ' दिल्यास मर्जचे स्वतंत्र कमिट होते आणि पुढे ते संपूर्ण काम 'गिट रिव्हर्ट -एम 1'ने एकदम उलटवता येते, म्हणून स्वतंत्र कामाच्या शाखेसाठी मी हाच पर्याय सुचवतो. '--एफएफ-ओन्ली' दिल्यास शाखा वेगळ्या दिशांना गेलेल्या असताना गिट मर्ज नाकारते.

'--स्क्वॉश' सगळे बदल एकत्र मांडून थांबते आणि कमिट आपण करायचे असते. मात्र शाखा जोडल्याची नोंद इतिहासात राहत नसल्याने त्या शाखेवर पुढे काम करू नये.

आमच्याकडे एकदा टक्कर झाली, म्हणजे दोन्ही शाखांत एकच ओळ वेगवेगळी लिहिली गेली, आणि फाइलमध्ये असे दिसले (वर 'हेड' म्हणजे आपण उभे असलेली मुख्य शाखा, खाली समोरची शाखा):

<<<<<<< हेड
ओलावा_मर्यादा = 8
=======
ओलावा_मर्यादा = 12
>>>>>>> चुकारा

हमीभावाच्या खरेदीत 8 टक्क्यांच्या वरच्या ओलाव्याला कपात लागते आणि 12 टक्क्यांच्या पुढे कापूस घेतला जात नाही. म्हणजे दोन्ही आकडे बरोबर होते आणि त्यांना वेगवेगळी नावे हवी होती. अशी फाइल हाताने दुरुस्त करून, खुणा काढून, 'गिट ॲड' आणि मग 'गिट मर्ज --कंटिन्यू' करावे. येथे '-एक्स अवर्स' दिले असते, तर 12 ची ओळ कुठलीही सूचना न देता गेली असती, कारण तो पर्याय टक्कर झालेल्या जागी आपली बाजू ठेवतो आणि समोरचे बाकीचे बदल घेतो.

'-एस अवर्स' याहून फार वेगळे आहे, आणि येथे विशेष सावध राहावे: त्यात समोरच्या शाखेतील एकही बदल येत नाही, तरी इतिहासात ती जोडली गेल्याची नोंद होते. मी एका रात्री घाईत एक्सऐवजी एस टाइप केले आणि सहकाऱ्याने लिहिलेली कपातीची आकारणी मुख्य शाखेत आलीच नाही. पुन्हा मर्ज करू गेलो, तर सर्व काही अद्ययावत असल्याचे उत्तर मिळाले. सुदैवाने पुश केलेले (सामायिक प्रतीत पाठवलेले) नव्हते, म्हणून लगेच 'गिट रिसेट --हार्ड ओरिग_हेड' देऊन मर्जपूर्वीच्या स्थितीत परतता आले. ही आज्ञा कमिट न केलेले बदल पुसते, तेव्हा तिच्याआधीही 'गिट स्टेटस' पाहावे.