दोन-तीन ठिकाणी नंबर लागलाय? सीट आणि बॅकअप ठरवताना या चुका टाळा

बारावीनंतर गोव्यातल्या बऱ्याच घरांत साधारण असं चित्र असतं. फर्मागुडीच्या गोवा इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागेलसं वाटतंय, कुंकळ्ळीच्या एनआयटीची आशा आहे आणि पुणे-बेळगावकडच्या एका खासगी विद्यापीठाचं ऑफर लेटर आधीच येऊन पडलंय, ‘आठ दिवसांत पैसे भरा’ म्हणत. कुठलं कॉलेज चांगलं यावर मावशी, काका, शेजारी सगळे बोलतात. कुठली तारीख आधी संपते हे कोणी विचारत नाही, आणि हातची सीट जाते ती बहुतेक वेळा तारखेपायी.

म्हणून आधी वहीचं एक पान आडवं धरून रकाने पाडा: पैसे भरायची शेवटची तारीख, तेव्हा लागणारी रक्कम, प्रवेश रद्द करायची शेवटची तारीख, रद्द केल्यास परत मिळणारी रक्कम, वर्ग सुरू होण्याचा दिवस. ज्या कॉलेजचा चौथा रकाना भरता येत नाही, त्याला पैसे देण्याआधी ईमेल करून लेखी उत्तर मागवा. फोनवरचं ‘होईल हो परत’ पुढे उपयोगी पडत नाही.

एकाच टोपलीतले तीन बॅकअप

तीन कॉलेजं, तिन्हींचा कटऑफ जवळपास सारखा. याला बॅकअप म्हणत नाहीत. एक हुकलं की तिन्ही हुकतात. बॅकअप म्हणजे मागच्या तीन वर्षांच्या शेवटच्या फेरीत, तुमच्याच प्रवर्गात आणि तुमच्याच कोट्यात, तुमच्यापेक्षा बऱ्याच मागच्या रँकला मिळालेली सीट. दुसरी अट त्याहून कडक: तिथे चार वर्षं काढायची खरोखर तयारी हवी. वाळपईच्या मुलाने रोज वेर्ण्याला जाऊन-येऊन करू म्हणायचं आणि पावसाळ्यात पहाटेच्या कदंब बसमध्ये बसल्यावर कंटाळायचं, असं नको. हॉस्टेल किंवा भाड्याची खोली धरूनच हिशोब करा.

कोट्याचा घोळ

इथे सगळ्यात जास्त फसगत होते. आयआयटी गोवा फर्मागुडीत आहे, पण आयआयटीत राज्याचा कोटा नसतो. गोंयकाराला तिथे वेगळी सवलत नाही. एनआयटीत राज्याचा कोटा असतो, मात्र तो बारावी कुठल्या राज्यातून केली यावर ठरतो. घर म्हापशाला असलं तरी अकरावी-बारावी राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा पुण्यात केली असेल तर एनआयटी गोव्याच्या गोवा कोट्यावर पाणी सोडावं लागतं. राज्याच्या कॉलेजांचे प्रवेश पर्वरीच्या तांत्रिक शिक्षण संचालनालयाकडून होतात आणि तिथे रहिवासी दाखला लागतो. नियम दोन, कागद दोन. एकाचा अंदाज दुसऱ्याला लावू नका. मेडिकलचं गणित आणखी वेगळं: सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, बाकीच्या ८५ टक्के राज्याच्या यादीतून. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

‘फ्लोट’ दाबून निवांत बसणं

आयआयटी-एनआयटीसाठीच्या जोसा समुपदेशनात सीट मिळाली की तीन पर्याय असतात. ‘फ्रीझ’ म्हणजे हीच सीट पक्की. ‘स्लाइड’ म्हणजे त्याच संस्थेत वरची शाखा मिळाली तर चालेल. ‘फ्लोट’ म्हणजे यादीत वर लिहिलेलं काहीही, कुठल्याही संस्थेतलं, चालेल. फ्लोटवर असताना वरचं काही मिळालं की आधीची सीट आपोआप जाते. मागून ‘तीच बरी होती’ म्हणून परत मिळत नाही. समजा यादीत तिसऱ्या क्रमांकावर दूरच्या एनआयटीतली धातुशास्त्राची शाखा सहज लिहून ठेवली आणि सातव्या क्रमांकावरची एनआयटी गोवा हाती आली. फ्लोट केलंत तर पुढच्या फेरीत ती तिसरी गळ्यात पडू शकते. जे घ्यायचं नाही ते यादीत वर लिहायचंच नाही.

याची उलट चूकही तितकीच होते. मागच्या वर्षीचा कटऑफ बघून ‘मिळणार नाही’ म्हणत आवडती शाखा खाली ढकलतात. वर लिहिल्याने खालच्या पर्यायांची संधी कमी होत नाही. यादी पसंतीच्या क्रमानेच लावा.

आणि सीट मिळाल्यावर पोर्टल रोज उघडा. कागदपत्रांबद्दल शंका आली आणि मुदतीत उत्तर गेलं नाही, तर सीट रद्द होते.

पहिल्या वर्षाच्या फीवर तुलना

ऑफर लेटरवर दीड लाख लिहिलंय म्हणून चार वर्षांचे सहा लाख धरू नका. फी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढली तर बेरीज ६ लाख ७६ हजारांच्या आसपास जाते. त्यावर हॉस्टेल, मेस, परीक्षा फी, परत मिळणारं आणि न मिळणारं डिपॉझिट. वाढीची मर्यादा लेखी विचारा. कर्ज काढणार असाल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या व्याजमुक्त कर्ज योजनेच्या अटी आधी वाचा; मंजुरीला लागणारा वेळ आणि कॉलेजची शेवटची तारीख यांचा मेळ बसतो का बघा.

मान्यता दोनदा तपासायची: विद्यापीठाची यूजीसीकडे (विद्यापीठ अनुदान आयोग), कोर्सची त्याच्या परिषदेकडे. फार्मसीला फार्मसी कौन्सिल, कायद्याला बार कौन्सिल, आर्किटेक्चरला आर्किटेक्चर कौन्सिल.

दाखल्यांसाठी शेवटच्या आठवड्यात धावाधाव

रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो. निकालानंतर तिथे गर्दी उसळते. गोव्यात खास अडचण आडनावाची. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, आधारवर इंग्रजी वळणाचं. ‘नाईक’च्या शेवटी एकीकडे ‘के’, दुसरीकडे ‘क्यूयूई’. पडताळणीच्या टेबलावर हे अडतं. दोन्ही स्पेलिंगं एकाच माणसाची आहेत असं सांगणारं डायव्हर्जन्स सर्टिफिकेट त्यासाठीच असतं, तेही मामलेदारांकडूनच. दहावीच्या मार्कशीटवरचं स्पेलिंग प्रमाण धरून बाकीचे कागद आजच शेजारी ठेवून बघा.

पैसे भरले आणि मग चांगली सीट आली

घाबरू नका, पण त्याच दिवशी हालचाल करा. नवी सीट पक्की झाल्याची पावती हातात आली की जुन्या कॉलेजला प्रवेश रद्द करण्याचा अर्ज ईमेलने पाठवा, पोर्टलवरही करा, आणि पोच जपून ठेवा. परताव्याची टक्केवारी अर्जाच्या तारखेवर ठरते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी १५ दिवस किंवा त्याहून आधी अर्ज केला तर पूर्ण फी, प्रक्रिया शुल्क वजा करून. त्यानंतर ९०, ८०, ५० अशी उतरण, आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की शून्य. यूजीसी काही वर्षी याहून सवलतीचं परिपत्रक काढतं, म्हणून चालू वर्षाचं बघून घ्या. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही. पडताळून परत द्यायची असतात. अर्ज करूनही उत्तर नाही आलं तर पोच, पावती आणि ऑफर लेटर जोडून यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाका.